गाडी तापू दे

"तापू दे थोडी," आई म्हणाली आणि माझ्या बाजूच्या खिडकीवर हात ठेवून उभी राहिली.

दिवाळी आटोपून आम्ही चिखलदऱ्याहून नागपूरला परत निघालो होतो. निशिकांत, म्हणजे माझा नवरा, स्टिअरिंगवर बसून आमच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या पडद्यावरचे आकडे कौतुकानं बघत होता. आईनं सकाळीच गाडीला हळदकुंकू वाहून, नारळ फोडून घेतला होता. मागच्या सीटवर तिनं दिलेल्या डब्यांची उतरंड रचलेली होती.

"आई, ही तापत नाही," निशिकांत हसत म्हणाला. "हिच्यात तापायला इंजिनच नाही."

आईला ते कळलं की नाही, कोण जाणे. ती वाकली, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाली, "जोसना, मले ना..."

तेवढ्यात गाडी निघाली. घरघर नाही, धक्का नाही, काही नाही. आई बोलत होती आणि खिडकी तिच्या हाताखालून सरकून गेली. मी आरशात पाहिलं. ती तशीच वाकून उभी होती, हात तसाच खिडकीच्या उंचीवर.

"थांब, थांब जरा," मी निशिकांतला म्हटलं. पण मागे पर्यटकांची बस हॉर्न मारत होती आणि आमच्या घरासमोरचा रस्ता म्हणजे दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीनं माघार घ्यावी, एवढाच. वळण आलं आणि आई दिसेनाशी झाली.

"फोन कर ना परतवाड्याला पोचल्यावर," तो म्हणाला.

घाट उतरल्यावर मी फोन केला. "काय सांगत होतीस गं?"

"काई नाई. मोठ्या डब्यात खाली अनारसे आहेत, ते सांगत होती."

अनारशांचं तिनं मला त्याआधी दोनदा सांगितलं होतं. शिवाय अनारशासाठी कुणी कानाशी वाकत नाही.

हे नीट कळायला खिडकीचं प्रकरण सांगायला हवं.

चिखलदरा मेळघाटातलं, डोंगरावरचं थंड गाव. माझ्या बाबांची तिथं जीप होती, पर्यटकांना पॉइंट दाखवायची. डिझेलची जुनी जीप आणि हिवाळ्यातली सकाळ म्हणजे बाबांचा छळच. आधी हीटर लावायचा, मग सेल्फ मारायचा, मग ती खोकायची, धूर सोडायची, पुन्हा गप्प व्हायची. एकदाची सुरू झाली की बाबा तिला तशीच घरघरत ठेवायचे आणि पोह्यांची बशी संपवायला आत यायचे. "तापू दे," म्हणायचे. त्या तेवढ्या वेळात जायचं असेल तो गाडीत बसलेला असायचा आणि आई खिडकीशी.

आई घरात बोलायचीच नाही असं नव्हे. मिठापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत ती सगळं बोलायची. पण मनातलं म्हणून जे असतं ते घरात नाही. घर दोन खोल्यांचं, मध्ये फळ्यांची भिंत, त्यातली एक खोली हंगामात पर्यटकांना दिलेली. एकानं कूस बदलली तरी दुसऱ्याला कळायचं. म्हणून आईला खरं बोलायला सुरू असलेली गाडी लागायची. इंजिनच्या आवाजात तिचं बोलणं फक्त ज्याच्यासाठी असेल त्यालाच ऐकू जायचं.

मी अमरावतीच्या हॉस्टेलला निघाले तेव्हा तिनं खिडकीतून सांगितलं होतं, "नाई करमलं तर परत ये. बाबाले मी पाहून घेईन." लग्न ठरायच्या वेळी म्हणाली होती, "पोरगा बरा आहे. बोलते जास्त, पण बरा आहे." बाबा गेले, तेराव्यानंतर मी निघाले, तेव्हा निशिकांतची जुनी डिझेल गाडी घरघरत होती आणि आई माझ्या कानात म्हणाली, "रेडिओ लावला का मले झोप लागते. तू रडत नको बसू तिकडं." एवढं बोलून तिनं गाडीच्या टपावर थाप मारली. थाप मारली की बोलणं संपलं, निघा.

बाबांची जीप मग वरच्या आळीतल्या कासदेकर भाऊंनी घेतली. ती रोज सकाळी आमच्याच दारावरून पॉइंटकडे जायची. आईला आम्ही कितीदा म्हटलं, नागपूरला चल. ती हसून टाळायची. "लेकीच्या घरी राहाले जात असते काय कोणी? येईन पाहुणी म्हणून चार दिवस." ते चार दिवसही कधी आले नाहीत.

आणि जावयासमोर स्वतःविषयी चकार शब्द काढायचा नाही, हा तर तिचा नेमच. जावयाला जेवा म्हणायचं, आणखी घ्या म्हणायचं, डब्यात काय दिलं ते सांगायचं, की झालं. आता या नव्या गाडीत जावई हातभर अंतरावर बसलेला, आणि मध्ये कसलाही आवाज नाही. टाचणी पडली तरी ऐकू यावी. आईनं बोलायचं कसं?

निशिकांतला यातलं काही कळत नव्हतं. तो गाडीच्या प्रेमात आकंठ बुडाला होता. लग्नात, बारशात, दहाव्याला, जिथं चार माणसं भेटतील तिथं तो सुरू व्हायचा. पेट्रोलचं नाव नको, ऑइल नाही, क्लच नाही, धूर नाही. घेताना महाग, पण चालवताना बघा. समोरचा कंटाळून उठायला लागला की तो हुकमाचा पत्ता टाकायचा, "आणि उतारावर तर ही खर्चच करत नाही, उलट कमावते. घाट उतरताना बॅटरी आपोआप भरते!" दिवाळीत त्यानं हे आईलाही जेवताजेवता समजावून सांगितलं होतं. घाट चढायला कशी जास्त वीज लागते आणि उतरताना कशी थोडी परत मिळते.

आईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याच्या पानात वरण वाढत म्हणाली, "म्हणजे तुमच्या गाडीले आमच्याकडे येणं महाग पडते आन जाणं स्वस्त."

निशिकांत मोठ्यानं हसला. मीही हसले. आई मात्र तूप आणायला उठली.

दिवाळीनंतर मी रोज फोन करायला लागले. एरवी दोन-तीन दिवसांनी करायचे. "बरी आहेस ना? कुठं दुखतं का? डॉक्टरकडे गेली होतीस का?" तिचं एकच, "काई नाई मले." फोन ही काही खिडकी नव्हती. हॉस्पिटलचं काही असेल, कुणी घरावरून त्रास देत असेल, पडली-बिडली असेल, असं काय काय माझ्या डोक्यात यायचं. स्वयंपाक करताना हातातलं लाटणं तसंच राहायचं आणि "मले ना" एवढेच दोन शब्द कानात घुमायचे. त्या शब्दांच्या पुढं काय होतं ते मला हवं होतं. दुसरं काही सुचत नव्हतं.

जानेवारीत एका शनिवारी मी हट्टानं निशिकांतला निघायला लावलं. अमरावतीला गाडी चार्ज करायची, वर जायचं, जेवायचं, संध्याकाळपर्यंत खाली, असा त्याचा बेत. अमरावतीला पोचलो तर चार्जरवर कागद चिकटवलेला, "मशीन बंद आहे". निशिकांतनं तो कागद तीनदा वाचला. मशीनवर दोन थापाही मारून पाहिल्या.

"परत फिरू या," तो म्हणाला.

"वर जाण्याइतकी आहे ना बॅटरी?"

"आहे, पण मग आईंच्या घरी लावून ठेवावी लागेल. घरच्या पॉइंटवर रात्रभर लागते ती. मुक्काम पडेल."

"पडू दे," मी म्हणाले. एरवी मुक्काम म्हटलं की याची सोमवारची मीटिंग तरी आडवी यायची किंवा दूधवाला तरी. त्या मशीन बंद पाडणाऱ्याचे मी मनातल्या मनात आभार मानले.

घाटभर निशिकांत एसी बंद करून, काचा लावून, श्वासही जपून घेत चालवत होता. पडद्यावरचा आकडा घसरत होता आणि प्रत्येक वळणावर त्याचा चेहरा उतरत होता. घरी पोचल्यावर आणखी तमाशा. पाण्याच्या मोटरीचा मोठा प्लग-पॉइंट मागच्या बाजूला, म्हणून गाडी उलटी घेत घेत आईच्या झेंडूच्या वाफ्यातून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत आणली. आई पदर खोचून "या, या, अजून या," करत होती. झेंडू चिरडले गेले त्याचं तिला काहीच नव्हतं. वायर जोडली, गाडीवर हिरवा दिवा लागला आणि थोड्या वेळानं पुढच्या जाळीतून पंख्याची घरघर सुरू झाली.

"हे काय बाप्पा?" आईनं विचारलं.

"चार्जिंग होताना बॅटरी गरम होते ना, म्हणून आतला पंखा फिरतो," निशिकांतनं सांगितलं.

"म्हणजे तापते!" आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जणू दिवाळीपासून अडलेलं काहीतरी सुटलं.

"आज राहता मंग?" तिनं मला विचारलं. गाडी रात्रभर लावून ठेवावी लागेल हे तिनं ऐकलं होतं, तरी माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"राहतो."

त्या संध्याकाळी आईनं काय केलं नाही! तुरीच्या शेंगा उकडल्या, झुणका केला, ज्वारीची भाकर थापली, गावच्याच बागेतली कॉफी जायफळ घालून दिली. मी चुलीशी बसून हळूच विचारलं, "आता सांग, दिवाळीला काय सांगत होतीस?"

तिनं फळ्यांच्या भिंतीकडं पाहिलं. पलीकडं जावई मोबाईलवर नागपूरच्या मित्राला मशीन बंद असल्याची हकिकत सांगत होता. त्याचा शब्द न् शब्द आम्हाला ऐकू येत होता. म्हणजे आमचाही त्याला येणार.

"काई नव्हतं," आई म्हणाली. "भाकर घे अजून."

मी हिरमुसले. एक रात्र मिळाली तीही अशीच जाणार, उद्या पुन्हा ती मुकी गाडी निघणार आणि आई पुन्हा आरशात उभी राहणार, असं वाटून मला रडू येत होतं.

सकाळी जाग आली तेव्हा बाहेर धुकं होतं. सगळं फार शांत होतं. त्या घरातल्या सकाळी जे नेहमी असायचं त्यातलं काहीतरी नव्हतं, पण काय ते मला ध्यानात येईना.

"जरा बघून ये ना किती भरली," निशिकांत दाढीला बसता बसता म्हणाला.

मी शाल गुंडाळून मागच्या दारानं गेले. गाडीचा पंखा घरघरत होता. सवयीनं मी माझ्या नेहमीच्या जागेवर, डाव्या बाजूला बसले, गाडीचा पडदा सुरू केला आणि बाहेरचं दिसावं म्हणून काच खाली केली. आकडा बघते तोच खिडकीवर आईचा हात आला.

"सुरू केली का?" तिनं विचारलं.

मी एकदम म्हणाले, "हो."

"जवाईबापू?"

"दाढी करताहेत."

"मंग तापू दे," आई म्हणाली आणि वाकली. त्या घरघरीवर आवाज चढवून, पूर्वी जीपच्या खिडकीशी बोलायची तशी बोलायला लागली.

"कासदेकरनं जीप मोडीत काढली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. ट्रक आला होता, त्याच्यात टाकून नेली."

मला तेव्हा कळलं, सकाळी काय नव्हतं ते.

"रोज सकाळी दारावरून जाये ना ते," आई सांगत होती. "कासदेकर चालवते, हे काय मले मालूम नव्हतं? पण त्या वळणावर गिअर टाकला का आवाज तोच निघे. तुह्या बाबाचा. मी उगाच चहाचं आधण वाढवून ठेवू. थांबे थोडीच? पण जाये तरी. तेवढ्यावर दिवस निघून जाये माहा. तू म्हणे चाल, नागपूरले चाल. आता तुले काय सांगू, का मी गाडीच्या आवाजासाठी राहिली म्हणून? तू हसली असती."

"नसते हसले गं."

"बोलू दे मले. आता येतच नाई ना आवाज. दसऱ्यापासून पाहून राहिली मी, सकाळी आपोआप कान तिकडंच जाते. मंग दिवस उगवते, पण सुरूच होत नाई. घरात भांडं पडलं तरी बरं वाटते मले. दिवाळीले तुले हेच सांगत होती, त तुमची गाडी निघूनच गेली. फोनवर नाई जमत. लोक म्हणतील, म्हातारी लेकीच्या दारी जाऊन बसली. म्हणू दे. जवाईबापूले काय वाटन, तेवढंच पाहा लागते. पण जोसना, मले..."

आणि लाईट गेली.

गाडीचा पंखा थांबला. गावभर जो काही बारीकसा आवाज असतो तोही थांबला. आणि त्या शांततेत, पंख्यावर चढवलेल्या तिच्या आवाजात, आई जवळजवळ ओरडली, "मले घेऊन चाल!"

मागच्या दारात निशिकांत उभा होता. आत अंधार झाला म्हणून तो एका गालाला फेस तसाच ठेवून, हातात रेझर घेऊन उजेडात आला होता.

आईनं पटकन पदर डोक्यावर ओढला. तिचा चेहरा असा झाला की मला तिच्याकडं बघवेना. "नाई, नाई," ती म्हणाली. "चहा घेऊन चाल म्हटलं हिले. तुमच्यासाठी. थंडा होऊन राहिला."

निशिकांत दारातच, रेझर हातात, फेस गालावर. आई वाफ्यातले चिरडलेले झेंडू पायानं सारखे करत होती. मी गाडीत बसून होते आणि मला वाटत होतं की आता यानं काहीतरी चांगलं बोलावं, नाहीतर काहीच बोलू नये.

"आई," तो म्हणाला, "तुमची बॅग कुठं आहे?"

"कायची बॅग?"

"कपड्यांची. आणि तो रेडिओ पण घ्या. आमच्याकडं रेडिओ नाही."

आई त्याच्याकडं बघायला तयार नव्हती. "लाईट गेली ना पण," ती गाडीकडं बघत म्हणाली. "गाडी कुठं भरली तुमची? कशी जाईन ते तीन माणसं घेऊन?"

"जाते आई. अमरावतीला दुसरं मशीन आहे, काल रात्री शोधून ठेवलंय. आणि तिथपर्यंत काळजीच नाही." त्यानं गालावरचा फेस हातानंच पुसला. "उतार आहे. खाली जाता जाता भरते."

ते वाक्य मी तोपर्यंत शंभर ठिकाणी ऐकलं होतं आणि दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्या दिवशी ऐकलं आणि गाडीतून उतरून त्याच्या त्या फेसाळ गळ्यात पडावंसं वाटलं. आईसमोर ते शक्य नव्हतं, म्हणून मी बॅग भरायला आत गेले.

आईला निशिकांतनं पुढं बसवलं, मी मागं डब्यांच्या जागी. निघताना तिनं खिडकीतून हात बाहेर काढून टपावर थाप मारली, आपली आपणच. घाटात ती रस्त्याकडं बघतच नव्हती. तिची नजर पडद्यावर. प्रत्येक उतारावर आकडा एकेक करून वर सरकत होता.

"वाढून राहिले काय खरंच?"

"हो," निशिकांत म्हणाला. या वेळी त्यानं पुढं काही समजावलं नाही.

"मंग चढताना जे खर्च होते, ते उतरताना समदं परत येते?"

"समदं नाही येत आई. थोडं येतं."

आईनं मान हलवली. "येते ना पण," ती म्हणाली.

पंधरा दिवसांसाठी म्हणून आलेली आई राहिलीच. नातेवाईक जे बोलायचं ते बोलले, तिनं रेडिओचा आवाज वाढवला. आमच्या गाडीला ती शेवटपर्यंत मुकी म्हणायची. निशिकांतनं गाडी चार्जिंगला लावली आणि तो पंखा सुरू झाला की खुर्ची घेऊन पार्किंगमध्ये जाऊन बसायची. मीही जायचे. कितीतरी गोष्टी मी तिच्याकडून त्या पार्किंगमध्ये ऐकल्या. मग एका उन्हाळ्यात ती गेली, आमच्याच घरी, माझा हात हातात धरून.

त्याला आता बरीच वर्षं झाली. गाडी आमच्याकडे अजून आहे. बॅटरी पहिल्यासारखी राहिली नाही, लवकर उतरते. नवी टाकायची तर डोळे पांढरे होतात. निशिकांत हल्ली समारंभात गाडीचा विषय काढत नाही.

परवा आम्ही चिखलदऱ्याला आईचं घर बघून आलो. कौलं शाकारून घेतली, झाडलोट केली, पुन्हा कुलूप लावलं. वाफ्यात आपोआप उगवलेले झेंडू होते. मी येऊन माझ्या जागेवर बसले. निशिकांतनं बटण दाबलं, पडदा उजळला. गाडी निघायला तयार होती.

तो निघेना. त्यानं हात मांडीवर ठेवले. मग त्याच्या बाजूचं बटण दाबून माझी काच हळूहळू पूर्ण खाली घेतली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "तापू दे थोडी."